सहा लाल काडतुसं

गूज फोर्क, केंटकी
९ सप्टेंबर २०१७

प्रिय ट्वायला,

फोनच करणार होते. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडायचं आणि तू "काय? काय?" करायचं. तीस वर्षं बंदुकांच्या आवाजात उभी राहून कानांची वाट लावून घेतलीस. शिवाय आमचा फोन स्वयंपाकघरात, आणि शाळेची बस चालवणं सुटल्यापासून ऑर्विल दिवसभर तिथंच बसलेला असतो. म्हणून पत्र.

कामाचंच विचारते. आम्हाला हातात मावेल अशी एक लहान बंदूक घ्यायची आहे. घरात ऑर्विलच्या वडिलांची दुनळी आहे, पण ती मला खांद्यापर्यंत उचलत नाही. माझी बोटं तर आता बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाहीत. तू नि मर्लने जोडीने एवढी वर्षं बंदुकांचं दुकान चालवलंत, लोकांना नेम धरायला शिकवलंत. एकच हवी, दोघांच्या हाताला चालेल अशी. सराव कसा करायचा तेही लिही. पासष्टीत हे शिकायची वेळ यावी, काय म्हणावं!

इकडे चोऱ्या वाढल्या आहेत. आमच्याकडेच ऑगस्टपासून तीनदा झाली. आधी ऑर्विलची झाडं कापायची करवत गेली, मग ड्रिल, मग माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळच्या दुखण्याच्या गोळ्या. पिठाच्या डब्यात तळाशी ठेवल्या होत्या त्या. शेरीफच्या माणसाला यायला पाऊण तास लागला. तो कायल, लहानपणी ऑर्विलच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून ओकायचा. वहीत सगळं लिहून घेतलं आणि दोन बिस्किटं खाऊन गेला.

आमचा डस्टिन बरा आहे. कामाच्या शोधात आहे. येतो, जातो.

मी थकलेय ग. झोप झाली तरी थकलेली उठते. ब्लॅकबेरीचा मुरंबा यंदा केलाच नाही.

तुझी,
नेडीन

आयडाहो
१७ सप्टेंबर २०१७

प्रिय नेडी,

पहिलं, ऑर्विलला एकट्याला दुकानात पाठवू नकोस. बायकोसाठी बंदूक घ्यायला आलेला नवरा काउंटरवरची सगळ्यात लहान, सगळ्यात हलकी उचलतो, अंगठी घेतल्यासारखी. तसले शेकड्याने पाहिलेत मी. हलकी बंदूक हाताला जास्त मारते. जड असली की अर्धा धक्का तीच गिळते. हे पुरुषांना सांगून पटत नाही.

पिस्तूल तुझ्या कामाचं नाही. त्याची वरची पट्टी जोर लावून मागे ओढावी लागते, आणि तुझी बोटं बरणीशी हरलेली. रिव्हॉल्व्हर घे. थर्टी-एट, पोलादी, चार इंची नळीची. तिच्या चक्रीत सहा घरं असतात, चक्री बाहेर काढली की कुठल्या घरात काय आहे ते डोळ्यांना दिसतं, अंदाज करावा लागत नाही. दुकानात रिकामी हातात घे आणि दहा वेळा चाप ओढ. दहाव्या वेळीही नळी हलली नाही तर ती तुझी. ऑर्विललाही तसंच करायला लाव. सौम्य काडतुसं माग, जोराची नको.

बिछान्याशेजारी आकडे दाबून उघडायची पेटी हवी. आकडा मला कळवू नकोस. पण कुणाचा वाढदिवस ठेवू नका. सगळे तेच ठेवतात.

आता माझा प्रश्न. दुकानात नवीन माणूस आला की मी आधी हेच विचारायचे. तुला भीती कुणाची वाटते? "चोराची" हे उत्तर मी घेत नसे. टीव्ही सोडून पिठाच्या डब्यात तळाशी हात घालणारा चोर मी तरी पाहिलेला नाही.

मुरंबा केला नाहीस हे वाचून मला जास्त काळजी वाटली.

ट्वायला

गूज फोर्क
६ ऑक्टोबर २०१७

प्रिय ट्वायला,

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी ऑर्विल एकटाच एस्टिलच्या दुकानात जाऊन आला होता. पुढं माशांचे गळ नि मागं बंदुका, ते दुकान. हसू नकोस. तळहाताएवढी, जांभळ्या मुठीची रिव्हॉल्व्हर घेऊन आला. "तुझ्या हाताएवढीच आहे बघ," म्हणाला. चेहरा असा, जणू लग्नाच्या वाढदिवसाला आणली आहे.

पहिल्याच बाराला माझ्या अंगठ्याजवळची कातडी सोलवटली. मी रडले. दुखलं म्हणून नाही, उगाचच. ऑर्विल कानांवर ती मोठी झाकणं लावून उभा, त्याला वाटलं मला फार चांगला नेम साधला. एस्टिल मात्र समजला. "आणा ती इकडे वहिनी, मी याला सांगत होतो, पण हा कुठला ऐकतोय," म्हणाला आणि ती परत घेतली. मग तू सांगितलीस तशी आणली. पोलादी, काळी, जड. दहा वेळा चाप ओढला. नवव्या वेळी हात दुखला, पण नळी हलली नाही.

आता दर शनिवारी एस्टिलच्या मागच्या मैदानात जातो. ऑर्विलचा नेम चांगला आहे. मी वर्तुळाच्या कागदावर बरी मारते. माणसाच्या आकाराचा कागद लावला की मला जमत नाही. एस्टिल म्हणतो, तो कागदच आहे वहिनी. ते मलाही कळतं.

पेटी घेतली. आकडा असा ठेवलाय की आम्हा दोघांना मरेपर्यंत विसरता यायचा नाही.

पिठाच्या डब्याचं काय धरून बसलीस? चोर सगळीकडे शोधतात.

नेडीन

आयडाहो
१५ ऑक्टोबर २०१७

प्रिय नेडी,

बरं, डब्याचं सोडलं. तुझं उत्तर मला पोचलं आहे.

सरावाचं सांगते. एस्टिलकडून नकली काडतुसांचं पाकीट घे. सहा असतात, लाल रंगाची. त्यांत दारू नसते. एकाने दुसऱ्याच्या नकळत चक्रीत खरी नि लाल मिसळून भरायची आणि बंदूक त्याच्या हातात द्यायची. लाल काडतुसावर चाप ओढला की नुसतं खट् होतं, आणि त्याच क्षणी हात किती दचकतो ते उघडं पडतं. स्वतःला शूर समजणारे मोठे मोठे शिकारी त्या एका खट्ला खाली वाकलेले मी पाहिलेत. मर्लसुद्धा. चक्री कुठल्या बाजूला फिरते ते आधी बघून ठेव, म्हणजे पहिल्यांदा कुठलं घर समोर येणार ते तुला कळेल.

दुसरं. तीस वर्षं मी ही वस्तू विकली. चोरावर झाडली असं मी इतक्या वर्षांत एकदाच ऐकलं. घरातल्याच कुणावर तरी चालली, हे किती वेळा ऐकलं ते मोजणं मी केव्हाच सोडलं. म्हणून मर्लने दुकानाच्या मागच्या खोलीत एक तिजोरी ठेवली होती. ज्याच्या घरात दिवस वाईट असतील त्याने बंदूक आणून द्यायची. आम्ही कारण विचारायचो नाही. नावाची चिठ्ठी बांधायची, दिवस बरे झाले की घेऊन जायची. अर्ध्या गावाच्या बंदुका तिथं येऊन गेल्या, पाद्र्याचीसुद्धा. एस्टिलकडेही अशी तिजोरी असणार. असतेच. विचारून ठेव.

माणसाच्या आकाराच्या कागदावर तू कुणाला बघतेस ते मला लिहायला हरकत नाही. मी इतक्या लांब आहे, आणि बहिरी.

ट्वायला

गूज फोर्क
१२ नोव्हेंबर २०१७

प्रिय ट्वायला,

लिहितेच आता.

एस्टिलने सांगितलं होतं, घरात रिकाम्या बंदुकीने तालीम करा. एकाने मागच्या दाराने आत यायचं, दुसऱ्याने पलंगाआड उभं राहून आधी मोठ्याने ओरडायचं. "कोण आहे? पोलीस येतायत, बाहेर हो!" मग गेल्या रविवारी दुपारी ऑर्विल चोर झाला. टोपी खाली ओढून, बूट वाजवत मागच्या दारातून आला. मी पलंगाआड, दोन्ही हातांत बंदूक. बूट बोळापर्यंत आले आणि मी ओरडले.

"जेवलास का?"

तोंडातून तेच आलं, ट्वायला. दुसरं काही आलं नाही.

ऑर्विल बोळात थांबला. त्याने टोपी काढली आणि हातात धरून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "तेल संपत आलंय गाडीचं, बघून येतो." आणि गेला.

डस्टिनच आहे तो. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याला मागच्या दाराची खिट्टी कशी उचलायची ते ठाऊक आहे, पिठाच्या डब्याचंही ठाऊक आहे, लहानपणी त्याच्यापासून मिठाई मी तिथंच लपवायचे. एकतीस वर्षांचा झाला. आधी खाणीत पाठीला मार लागला म्हणून डॉक्टरने गोळ्या दिल्या, मग त्या गोळ्यांसाठी तो काय काय करत गेला ते तुला सांगत बसत नाही. ऑगस्टमध्ये तो ओसरीवर आला तेव्हा ऑर्विल त्याला म्हणाला, "यापुढे न सांगता मागच्या दाराने आलास तर मी तुला परका समजेन." ऑर्विल बोललेलं करतो. एकोणतीस वर्षांत त्याची बस एकदाही उशिरा आली नाही.

बंदूक घ्यायची कल्पना त्याची. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

नेडीन

आयडाहो
२० नोव्हेंबर २०१७

नेडी,

पत्र दोनदा वाचलं. मला तुझ्याजवळ असायला हवं होतं, पण गुडघे आणि विमान दोन्ही माझ्या ऐपतीबाहेर गेलीत.

शहाणपण शिकवत नाही. तीनच कामं सांगते. बंदूक उद्या एस्टिलच्या तिजोरीत. मागच्या दाराला नवीन कुलूप. आणि ऑर्विलशी बोल. तो तुझ्या त्या हाकेला टोपी काढून उभा राहिला. पोराला मारायला निघालेला माणूस टोपी काढत नाही, मूर्खे.

तुझ्या आईने मला वाढवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, की घरात काय चाललंय ते जेवणाच्या टेबलावर बोलायचं. मावशी गेली आणि तुमच्या घरात सगळे ताटात बघून जेवायला लागले.

ट्वायला

गूज फोर्क
९ डिसेंबर २०१७

प्रिय ट्वायला,

कुलूप बदललं. बाकीची दोन जमली नाहीत.

बंदूक एस्टिलकडे न्यायची म्हणजे ऑर्विलला कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडावर म्हणायचं, की तू आपल्या पोराला मारशील असं मला वाटतं. चाळीस वर्षं ज्याच्याशेजारी झोपले त्याला हे कसं म्हणू? तू म्हणशील, तोंड उघड नि म्हण. तुझं बरं आहे, तुला उत्तर ऐकू येत नाही.

मी दुसरं केलंय. ऑर्विल टपाल आणायला गेला तेव्हा पेटी उघडली. पाकिटातली दोन लाल काडतुसं काढली आणि चक्रीत अशी ठेवली की पहिले दोन बार फुकट जावेत. कुठल्या बाजूला फिरते ते तू बघायला लावलं होतंस, मी बघून ठेवलं होतं. दोनदा खट् होईल तेवढ्यात ऑर्विल ओळखेल तरी, नाहीतर डस्टिन पळेल तरी. खरंच कुणी परका असला तर पुढची चार आहेत. काढलेली दोन माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली आहेत.

पहिल्यांदाच त्या दिवशी मला झोप लागली. ऑर्विलला कळवू नकोस. शपथ आहे तुला.

सरावाला आता जात नाही. माझा हात दुखतो असं मी सांगते आणि तोही आग्रह करत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तीन ताटं मांडली होती. एक तसंच उचललं.

नेडीन

गूज फोर्क
१४ जानेवारी २०१८

ट्वायला,

मी ऑर्विल. मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. मर्ल गेला तेव्हाही नेडीननेच लिहिलं होतं, मी खाली सही केली. आता लिहितो कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

नेडीन फार घाबरलेली आहे. पानाचा आवाज झाला तरी दचकते. तिला चष्म्याशिवाय दाराची चौकट दिसत नाही. मला भीती अशी, की एखाद्या दिवशी बोळात पाऊल वाजेल आणि ती घाबरून झाडेल. आणि समोर कोण असेल ते तुला तिने लिहिलं असेल किंवा नसेल. डस्टिन असेल. मग ती उरलेलं आयुष्य कशी काढेल? मी ऑगस्टमध्ये त्याला एक मूर्खासारखं बोललो. रागात होतो. बस चालवताना पोरांना दटावायचो तसं. ते ऐकून तिच्या मनाने घेतलं असेल, की परक्यासारखं वागवायचं.

परवा ती चर्चमधल्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली होती. मी लाल काडतुसांचं पाकीट शोधलं. मला सगळी सहा भरून ठेवायची होती. पाकिटात चारच निघाली. वाटलं दोन मैदानात हरवली. मग पेटी उघडली, चक्री बाहेर काढली. दोन लाल आधीच आत होती. पहिल्या दोन घरांत, बरोबर ओळीने.

मी पलंगावर बसलो, ट्वायला. म्हणजे तिनेही तेच केलं होतं. आणि मी समजत होतो ती झाडेल.

उरलेली चार मी भरली. आता सहाच्या सहा लाल आहेत. खरी चार गॅरेजमध्ये खिळ्यांच्या डब्यात टाकली. रिकामं पाकीट होतं तिथं ठेवलं.

तिला सांगू नकोस. घरात चालणारी बंदूक आहे असं तिला वाटतंय तेवढं राहू दे.

ऑर्विल स्टिडहॅम

आयडाहो
२३ जानेवारी २०१८

ऑर्विल आणि नेडीन,

लिफाफ्यावर दोघांची नावं आहेत. एकत्र बसून वाचा.

तुम्ही दोघांनी मला एक एक गोष्ट सांगितली आहे आणि दोघांनीही वर शपथ घातली आहे. माझे कान गेलेत, अक्कल नाही. म्हणून गोष्ट मी सांगत नाही. एवढंच सांगते, की तुमच्या घरात एकमेकांना घाबरण्यासारखं माणूस कुणी नाही. एकमेकांना विचारा.

बंदूक एस्टिलकडे न्या. जी चालेल की नाही हे एकालाच ठाऊक आहे ती बंदूक चालणाऱ्या बंदुकीपेक्षा वाईट. तिच्यापुढे उभा असलेल्याला ते ठाऊक नसतं, आणि तो खरी काढतो. आणि चोराला घरात काय आवडतं? करवतीपेक्षा हलकं आणि ड्रिलपेक्षा महाग काय आहे तुमच्याकडे?

पेटीचा आकडा बदला. तो काय आहे ते मला न सांगता कळलेलं आहे.

ट्वायला

गूज फोर्क
२७ फेब्रुवारी २०१८

ट्वायला,

तुझं पत्र आम्ही एकत्र वाचलं. वाचून झाल्यावर नेडीन बीन्स ढवळायला उठली, मी गाडीतलं तेल बघायला गेलो. जाताना ती म्हणाली, "शनिवारी एस्टिलकडे जाऊ." शनिवारी बर्फ पडला. त्यापुढच्या शनिवारी तिचा गुडघा धरला होता. आमचं असंच होतं. दोष कुणाला देऊ?

मागच्या मंगळवारी चर्चमध्ये एका बाईंच्या मयतीचं जेवण होतं. दोन वाजता परत आलो. मागच्या दाराचं कुलूप शाबूत, बाजूची काच फुटलेली. पेटी फोडलेली नव्हती. उघडलेली होती. आकडा डस्टिनचा जन्मदिवस होता. पेटी घेताना एस्टिलने विचारलं तेव्हा आम्हा दोघांना दुसरा आकडा सुचलाच नव्हता.

मी शेरीफच्या त्या कायलला फोन केला. म्हटलं, त्याच्याकडे बंदूक आहे पण तिच्यात काही नाही, झाडू नका रे. तो म्हणाला, "मिस्टर स्टिडहॅम, त्याने समोर धरली तर आत काय आहे ते मी कसं बघणार?" वाईट बोलला नाही तो. खरं बोलला. तू जे लिहिलं होतंस तेच. फोन ठेवला तेव्हा नेडीनने माझ्या हातातून किल्ल्या घेतल्या आणि परत दिल्या.

ती फोनपाशी राहिली. मी वर, वडिलांच्या जुन्या तंबाखूच्या कोठारात गेलो. दहा वर्षांचा असताना शाळेत मार मिळाला की डस्टिन तिथं जाऊन बसायचा. तिथंच होता. उपड्या बादलीवर. बंदूक मांडीवर. ओळखू येऊ नये इतका वाळला आहे.

माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, ही बिघडलेली आहे."

मी विचारलं, "किती वेळा?"

"तीन."

तो ती विकायला निघाला होता. वाटेत कोठारात थांबला, मनात दुसरं आलं आणि नळी स्वतःकडे फिरवली. पुढून बघितलं असतं तर लाल दिसलं असतं. त्याने बघितलं नाही. तिसऱ्यानंतर त्याच्यात चौथ्यांदा ओढायचा जोर उरला नाही, असं म्हणाला.

मी बंदूक घेतली, सहाही काढून खिशात टाकली. मग त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. काय बोललो ते आठवत नाही. रडलो एवढं आठवतं. कायल आला तो दाराशीच थांबला, टोपी काढून. पोरगा चांगला निघाला.

डस्टिन आता लेक्सिंग्टनला उपचाराला आहे. स्वतःच्या पायांनी गाडीत बसला. पुढचं काही सांगता येत नाही. बंदूक एस्टिलच्या तिजोरीत आहे. त्याने कारण विचारलं नाही. चिठ्ठीवर आमचं नाव लिहिलं आणि मला कॉफी दिली.

आता ज्यासाठी लिहितोय ते. नेडीनला मी सांगितलं, त्याने चाप दोनदाच ओढला. तिने लगेच आपल्या दोन काडतुसांचं कबूल केलं, आणि मी म्हटलं, तुझ्या त्या दोनांनी वाचवलं त्याला. माझ्या चारांचं सांगितलं नाही. तिने आत चार खरी ठेवली होती, ट्वायला. तिसऱ्या वेळी काय झालं असतं ते तिला कधी मोजायला लागू नये. तुला विचारलं तर तूही दोनच म्हण. ही शेवटची शपथ.

ऑर्विल

गूज फोर्क
१८ मार्च २०१८

प्रिय ट्वायला,

आज रविवार, भेटीचा दिवस. आताच लेक्सिंग्टनहून आलो. ऑर्विल बूट न काढताच खुर्चीत झोपलाय, म्हणून निवांत लिहिते.

डस्टिन अजून वाळलेलाच आहे, पण दाढी केली होती. भेटायच्या खोलीत तो आत आला आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच. "जेवलास का?" तो म्हणाला, "नाही, तुम्ही येणार म्हणून थांबलो." मी मक्याचा पाव आणि बीन्स नेले होते. तो खात असताना ऑर्विल कागद भरायला बाहेर गेला. तेव्हा डस्टिन खाली बघत म्हणाला, "आई, मी तीनदा ओढला होता. ते मनात राहतं म्हणून सांगून टाकतो. इथं म्हणतात सांगत जा."

मी म्हटलं, खा.

मी तर दोनच ठेवली होती, ट्वायला. घरी आले आणि आधी ड्रॉवरमधलं पाकीट उघडलं. रिकामं. मग गॅरेजमध्ये गेले. उगाच हुडकत बसावं लागलं नाही, ऑर्विल काहीही लपवायचं झालं की खिळ्यांच्या डब्यातच टाकतो. चार खरी होती.

म्हणजे तिसरं त्याचं. माझ्या दोनांनी डस्टिन वाचला नसता. माझ्या हातांनी आत ठेवलेल्या चारांतलं पहिलं त्याला लागलं असतं. हे मला कळू नये म्हणून हा माणूस महिनाभर "दोनदाच" म्हणतोय. आणि मी समजत होते, हा मारील.

मी गॅरेजमध्ये त्या डब्याजवळ उभी राहून खूप रडले. मग डबा होता तसा ठेवला. माझी बटणांखालची दोनही त्यातच टाकली. सहा झाली. कधीतरी खिळा शोधायला जाईल तेव्हा मोजेल.

तुलाही त्याने शपथ घातली असणार. पाळ. मी विचारणार नाही.

येताना गाडीत तो पुन्हा म्हणाला. दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर, शाळेची बस चालवायचा तसा. "दोनदाच ओढला त्याने, नेडीन. तुझी दोन होती म्हणून."

मी म्हटलं, "हो. दोनदाच."

तुझी,
नेडीन